टेकडीवरची वाट व्हीलचेअरला चालेल अशी करायची, तर आधी काय आणि मग काय

पुण्यात टेकडीप्रेमींची मंडळं, सोसायट्यांचे गट आणि कंपन्यांचे सीएसआरवाले (सामाजिक कामाचा निधी सांभाळणारे) अधूनमधून ‘दिव्यांगांसाठी वाट’ करायला घेतात. बहुतेक वेळा कामाची सुरुवात सिमेंटच्या रॅम्पने होते आणि शेवट फीत कापण्याने. रॅम्पच्या दहा पावलं पुढे लोखंडी फाटक असतं. त्यातून धडधाकट माणूससुद्धा अंग चोरून जातो, व्हीलचेअर तर जातच नाही. पैसे खर्च झाले, फोटो निघाले, वाट होती तशीच.

हेतूबद्दल तक्रार नाही, गडबड क्रमात होते. खालच्या क्रमात मुरुमाला हात सहाव्या टप्प्यावर लागतो. त्याआधीच्या टप्प्यांना पैसा फारसा लागत नाही, पण सकाळी लवकर उठून टेप धरावी लागते आणि सरकारी टेबलांपुढे थांबावं लागतं. हा लेख मंडळांसाठी, एनएसएसच्या मुलांसाठी आणि ज्यांच्या हातात एखाद्या वन उद्यानाची देखभाल आहे त्यांच्यासाठी आहे.

## टप्पा १: चढ सोडा, माथा धरा

टेकडीवर व्हीलचेअर न्यायची म्हणजे ती पायथ्यापासून चढवायची, हे आधी डोक्यातून काढून टाका. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. चतुःशृंगीलाही पायऱ्या चढूनच जावं लागतं. अशा जागी चार जणांनी खुर्ची उचलून नेणं याला सोय म्हणत नाहीत. खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारून बघा, उचललं जाणं किती धोक्याचं आणि किती ओशाळवाणं असतं.

पुण्याच्या टेकड्यांची जमेची बाजू म्हणजे त्यांचे माथे. तळजाईला गाडीरस्ता वरपर्यंत जातो. वेताळ टेकडीवर एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने वाहनाने बरंच वर पोचता येतं. वर गेल्यावर सपाट पठार आहे, झाडी आहे, मोरांची केकावली आहे. अशा माथ्यावरचा ३०० ते ५०० मीटरचा तुकडा निवडा. दोन किलोमीटरची अर्धवट वाट करण्यापेक्षा ४०० मीटरची पुरी वाट कितीतरी उपयोगाची.

निवडताना दोन गोष्टी सहज नजरेतून निसटतात.

पहिली, दिशा. सुरुवातीला उतार आणि परतीला चढ अशी वाट घेतली, तर ताजेतवाने असताना मजा वाटते आणि हात दमल्यावर चढ समोर उभा राहतो. जायचं तेव्हा चढ आणि यायचं तेव्हा उतार, असाच तुकडा शोधा.

दुसरी, सावली. आपल्या टेकड्यांवर गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, मोठ्या प्रमाणावर लावलेलं आहे. डिसेंबरात त्याच्याखाली छान गारवा असतो. फेब्रुवारीत तेच झाड पानं गाळून फुलतं आणि खाली लख्ख ऊन पडतं. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्या अनेकांना इजेच्या खाली घाम येत नाही, त्यामुळे शरीर आपलं आपण थंड होत नाही. सावलीची पाहणी मार्च-एप्रिलमध्ये एकदा तरी करा.

पुढे जाण्याआधी तपासा: गाडी जिथे थांबते तिथपासून वाटेच्या तोंडापर्यंतचे शेवटचे पन्नास मीटर कसे आहेत? मध्ये उघडं गटार, उंच पदपथ किंवा वाळूचा ढीग असेल तर कामाची सुरुवात तिथून.

## टप्पा २: जमीन कोणाची ते लेखी कळू द्या

टेकडी ‘आपली’ असते ती फिरण्यापुरती. एकाच टेकडीचा एक भाग वनविभागाचा, दुसरा महापालिकेचा आणि तिसरा खासगी असं पुण्यात सर्रास आढळतं. वनजमिनीला १९८० चा वनसंवर्धन कायदा लागू होतो. तिथे सिमेंट ओतणं तर सोडाच, मुरूम टाकण्याआधीही परवानगी हवी. झाडाच्या फांद्या छाटायच्या असतील तर शहरी हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आडवा येतो आणि त्यासाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जावं लागतं.

वनविभागात आधी बीटाच्या, म्हणजे त्या भागाच्या, वनरक्षकाला भेटा. कुठली पायवाट पावसात वाहून जाते, कुठे गुरं येतात, कुठे रात्री बाटल्या फुटतात हे त्याला पाठ असतं. मग वनपाल, वनपरिक्षेत्र अधिकारी आणि उपवनसंरक्षक या क्रमाने वर जा. थेट वरच्या साहेबांकडे गेलात तर अर्ज फिरून खालीच येतो आणि तोवर खालचे लोक दुखावलेले असतात.

अर्जात भावनिक मजकूर कमी आणि आधार जास्त ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चा उल्लेख करा. सार्वजनिक जागा सुगम करणं हे त्या कायद्याने घातलेलं बंधन आहे. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष सक्तीचे असले पाहिजेत, नुसत्या शिफारशींवर भागणार नाही, असं स्पष्ट केलं. हे एक वाक्य अर्जात असलं की फाइल वेगळ्या नजरेने वाचली जाते.

सावधान: ‘आधी करून टाकू, मग बघू’ हा मार्ग इथे चालत नाही. विनापरवाना केलेलं काम उखडलं जातं आणि पुढच्या गटाचा अर्जही त्यापायी अडतो.

## टप्पा ३: मोजायला कोण येणार?

मोजणीच्या पहिल्या दिवसापासून स्वतः दिव्यांग असलेले लोक टीममध्ये हवेत. काम संपल्यावर ‘कसं वाटलं?’ विचारायला बोलावणं म्हणजे वरातीमागून घोडं.

किमान इतके तरी हवेत: हाताने चाक फिरवून व्हीलचेअर चालवणारी एक व्यक्ती, कुबड्या किंवा कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) वापरणारी एक, पांढरी काठी वापरणारी एक आणि गुडघेदुखीचे एक आजोबा किंवा आजी. जमलं तर बॅटरीवरची खुर्ची वापरणारं कोणी आणि एक कर्णबधिर व्यक्ती. पुण्यात माणसं शोधायला अडचण नाही. खडकीत पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, कोरेगाव पार्कात अंधशाळा आहे, शिवाय तुमच्याच सोसायटीत कोणीतरी असतं जे खालीसुद्धा उतरत नाही. त्यांना येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन द्या. तज्ज्ञाला देता ना? इथे तज्ज्ञ तेच आहेत.

धडधाकट स्वयंसेवकाला व्हीलचेअरवर बसवून ‘अनुभव’ घ्यायला लावण्याचा प्रकार टाळा. त्याला चाकं फिरवायची सवय नसते, म्हणून सोपा चढ त्याला अशक्य वाटतो. आणि अवघड जागी तो नकळत पाय टेकतो. दोन्हीकडून निष्कर्ष चुकतो.

आणखी एक, कामाची तारीख ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, बांधू नका. त्या तारखेच्या घाईत निम्म्या वाटा बिघडतात.

## टप्पा ४: साहित्य आणि मोजणी

तीस मीटरची टेप, एक छोटी टेप, गवंडी वापरतात ती एक मीटरची अॅल्युमिनियमची सरळ पट्टी, पाणसळ म्हणजे बुडबुड्याची लेव्हल, फडक्याच्या पट्ट्या, वही आणि फोन. दगडांवर ऑइलपेंटने आकडे रंगवू नका. खुणेला फडकी बांधा आणि जाताना सोडून न्या.

वाटेचे वीस-वीस मीटरचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यात सगळ्यात वाईट जागा शोधा आणि तीच मोजा. सरासरी काढण्याचा मोह होतो. सरासरी उत्तम निघते आणि व्हीलचेअर मात्र त्या एका दगडापाशीच अडते.

उतार असा मोजा. पट्टी उताराच्या दिशेने जमिनीवर ठेवा. खालचं टोक उचलत न्या आणि वर ठेवलेल्या पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आला की थांबा. उचललेल्या टोकाखाली किती सेंटिमीटर अंतर पडलं ते मोजा. मीटरला ५ सेंटिमीटर म्हणजे ५ टक्के, म्हणजेच १:२० चा उतार. ८.३ म्हणजे १:१२, १० म्हणजे १:१० आणि १२.५ म्हणजे १:८.

फोनवरच्या अॅपने मोजणार असाल तर एक सापळा लक्षात ठेवा. अॅप अंश दाखवतं आणि आपण टक्के वाचतो. ५ अंश म्हणजे जवळपास पावणेनऊ टक्के, १:१२ पेक्षा खडा. ‘पाचच आहे की’ म्हणून पास केलेल्या वाटा इथेच फसतात.

आडवा उतार वेगळा मोजा. तीच पट्टी वाटेला आडवी ठेवून तेच करायचं. हा आकडा बहुतेक जण घेतच नाहीत. खरं तर हाताने खुर्ची चालवणाऱ्याला सरळ चढापेक्षा आडवा उतार जास्त छळतो, कारण खुर्ची सतत खालच्या बाजूला वळू बघते. मग एका हाताने ढकलायचं आणि दुसऱ्याने ब्रेक लावल्यासारखं चाक धरायचं, असं सगळा वेळ चालतं. शंभर मीटरमध्ये खांदा भरून येतो.

याशिवाय रुंदी, जमिनीचा प्रकार, पायात येणारे दगड-मुळं आणि डोक्यावरच्या फांद्या टिपायच्या. वहीतली एक नोंद अशी दिसायला हवी:

*खूण ४ ते ५. सर्वांत अरुंद ८५ सेंमी, डावीकडे रुतलेला दगड. उतार ४. आडवा उतार ७, उजवीकडे. सुटी खडी, साधारण ६ मीटर. फांदी १.७ मीटरवर. सकाळी सावली, दहानंतर नाही.*

‘वाट बरी आहे, थोडी अरुंद’ ही नोंद नव्हे.

तपासा: मोजणी दोनदा करायची. एकदा कोरड्यात, एकदा पावसानंतर. जुलै-ऑगस्टमध्ये मुरूम वाहून मधोमध घळ पडते आणि सप्टेंबरात वाढलेलं गवत वाटेची कड झाकून टाकतं. फक्त जानेवारीत मोजलेली वाट वर्षातले काही महिनेच खरी असते.

## टप्पा ५: फाटक, पार्किंग, स्वच्छतागृह

घोडं पेंड खातं ते फाटकापाशी. म्हणून इथे थोडं थांबू या.

टेकड्यांवर दुचाकी आणि गुरं येऊ नयेत म्हणून इंग्रजी व्ही आकाराची, फिरती किंवा नागमोडी फाटकं बसवलेली असतात. कारण रास्तच आहे. पण साध्या व्हीलचेअरची रुंदी ६५ ते ७० सेंटिमीटर, त्यात चाक फिरवणाऱ्या हाताची बोटं दोन्ही बाजूंनी बाहेर. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांनुसार फाटकाची मोकळी रुंदी किमान ९० सेंटिमीटर हवी. आणि ९० सेंटिमीटरमधून मोटारसायकलही आरामात जाते. म्हणजे नुसत्या रुंदीवर खेळून दोघांना वेगळं करता येत नाही. लोक फट कमी-कमी करत जातात आणि शेवटी गाडीवाला कुंपण तोडून आत जातो, खुर्चीवाला मात्र बाहेर राहतो.

फरक आहे तो लांबीत. व्हीलचेअर सुमारे १.२ मीटर लांब असते, तर स्कूटर पावणेदोन मीटरच्या पुढे आणि मोटारसायकल दोन मीटरच्या आसपास. शिवाय खुर्ची जागच्या जागी वळते. तिला वळायला दीड मीटर व्यासाची जागा पुरते. म्हणून एकमेकांसमोर दोन आडवे कठडे, प्रत्येकाशेजारी ९० सेंटिमीटरची वाट आणि मधे दीड मीटरचा सपाट चौक अशी रचना करून बघता येते. खुर्ची वळून निघते, दुचाकीला मात्र उचलून फिरवावं लागतं.

हे लोखंडात करण्याआधी बांबू आणि दोरीने जागेवर उभं करा आणि तुमच्याकडे असलेल्या प्रत्येक प्रकारच्या खुर्चीने त्यातून जाऊन बघा. बॅटरीवरच्या काही खुर्च्या लांब असतात, त्यांना चौक मोठा लागेल. वेल्डरला बोलवायचं ते त्यानंतर.

सावधान: ‘मोठं फाटक आहे, किल्ली वॉचमनकडे असते’ हे उत्तर मान्य करू नका. सकाळी साडेसहाला वॉचमन चहाला गेलेला असतो. ज्याला यायचं आहे त्याने रोज कोणाची तरी वाट बघत फाटकाबाहेर थांबायचं, ही सोय कसली?

पार्किंगचं थोडक्यात: गाडीतून खुर्चीवर सरकायला दाराशेजारी जागा लागते, म्हणून एका गाडीसाठी ३.६ मीटर रुंदी धरा. पुण्यात बरेच दिव्यांग बाजूला चाकं लावलेली स्कूटर वापरतात. त्यांना वाटेच्या तोंडाशीच, पक्क्या सपाट जागी थांबता यायला हवं. पार्किंग शंभर मीटर लांब असेल तर कुबड्यांवर येणाऱ्याची फेरी तिथेच संपली.

स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदीही ९० सेंटिमीटर, दार बाहेर उघडणारं, आत खुर्ची वळेल एवढी जागा आणि पकडायला दांड्या. जवळपास असं स्वच्छतागृह नसेल तर जवळचं कुठे आहे ते शोधून नकाशावर लिहा. आहे पण आत झाडू-बादल्या आणि ब्लिचिंगच्या गोण्या भरल्या आहेत, हे दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं. त्यावर उपाय एकच, सामानासाठी वेगळं कपाट. ते दिल्याशिवाय बादल्या हलत नाहीत.

## टप्पा ६: पायाखालची जमीन

आता मुरूम. पण त्याआधी एकदा शांतपणे जमिनीवर बसून खुर्चीचं पुढचं चाक बघा. मागची चाकं मोठी, पुढची दोन्ही एका वितीएवढी किंवा त्याहून लहान. सुट्या खडीत शिरल्यावर ते पुढचं चाक आधी आडवं होतं, मग आपल्यासमोर खडीचा छोटा ढीग साठवतं आणि रुततं. मागून ढकलणाऱ्याने जोर लावला की खुर्ची पुढे जात नाही, माणूस पुढे जातो. वाटेवर जाड खडी पसरणं ही म्हणूनच सगळ्यात महागडी चूक. दिसायला नीटनेटकी, वापरायला घातक.

क्रम असा ठेवा:

१. आधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते पावसात उभं राहून बघा. निचऱ्याचा मार्ग ठरल्याशिवाय मुरमाची एकही पाटी टाकू नका.

२. पाणी वळवायला वाटेत आडवे दगड किंवा ओंडके रोवण्याची पद्धत आहे. चाकाला ती पायरी होते. त्याऐवजी वाटेलाच लांबट, उथळ खोलगट वळण द्या, म्हणजे पाणी बाजूला निघून जातं आणि खुर्ची सहज जाते.

३. काळी माती असेल तर ती खरवडून काढा. पावसाळ्यात ती चाकाला लडबडते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात.

४. चाळलेला मुरूम पातळ थरात टाका, पाणी मारा, रोलर फिरवा, पुन्हा थर द्या. एकदम जाड थर टाकून वरून दाबला तर वर कवच धरतं आणि आत पोकळ राहतं. सर्वांत वर क्रशरची बारीक कच दाबली की पृष्ठभाग घट्ट होतो.

५. एका खुर्चीसाठी किमान १.२ मीटर रुंदी धरा आणि समोरून दुसरी आली तर बाजूला होता यावं म्हणून अधूनमधून दीड मीटरच्या मोकळ्या जागा ठेवा.

पेव्हर ब्लॉकचा आग्रह हमखास होतो. खालची माती पावसात बसली की ब्लॉक वरखाली होतात आणि जिथे पेव्हर संपून मुरूम सुरू होतो तिथे दोन वर्षांत बोटभर पायरी तयार होते. गुळगुळीत शहाबादी फरशी तर शेवाळ धरल्यावर कुबडीचं रबरही धरत नाही. गटारावरच्या जाळीची फट १३ मिलिमीटरपेक्षा मोठी नको आणि जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर चाक किंवा काठी तिच्यात अडकते.

तपासा: पाऊस थांबल्यावर एका दिवसाने वजनदार माणूस खुर्चीत बसवून खुर्ची त्या भागावर वळवून बघा. चाकाची चरी पडली तर पुन्हा दाबा.

## टप्पा ७: उतार आणि विसावा

आपल्याकडे रॅम्पसाठी १:१२ ही कमाल मर्यादा सगळ्यांना पाठ असते. जंगलातली वाट म्हणजे रॅम्प नव्हे, तिथे जमीन जशी आहे तशी घ्यावी लागते. म्हणून उताराबरोबर त्याची लांबी बघायची. अमेरिकेत सरकारी जमिनीवरच्या पायवाटांसाठी २०१३ मध्ये आलेले निकष यासाठी उपयोगी पडतात. १:२० पेक्षा खडा पण १:१२ पर्यंतचा उतार सलग ६१ मीटरपर्यंत चालतो. १:१० पर्यंतचा सलग ९ मीटर. १:८ पर्यंतचा फक्त ३ मीटर. प्रत्येक अशा तुकड्यानंतर किमान दीड मीटर लांबीचा जवळपास सपाट विसावा हवा. आणि एकूण वाटेच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त भाग १:१२ पेक्षा खडा नसावा. कच्च्या वाटेवर आडवा उतार १:२० च्या आत, म्हणजे पट्टीखाली ५ सेंटिमीटरच्या आत. वर दिलेल्या नमुना नोंदीतला ७ चा आकडा इथे नापास होतो, सरळ उतार फक्त ४ असूनही.

आपली हवा आणि आपल्या खुर्च्या बघता मी हे आकडेही थोडे कडकच पाळीन. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या खुर्च्या जड असतात, दानात मिळालेल्या, मापाच्या नसलेल्या.

विसाव्यावर बाक ठेवाल तर त्याची उंची ४५ सेंटिमीटर, पाठ टेकायला आधार आणि उठताना धरायला हात. बाकाशेजारी ९० सेंटिमीटर रुंद आणि १.२ मीटर लांब पक्की मोकळी जागा सोडा, म्हणजे खुर्चीवरचा माणूस आपल्या माणसांच्या रांगेत थांबतो, वाटेच्या मधोमध नाही. पुण्यातले देणगीचे बाक बघा: पाठ नाही, हात नाही, देणगीदाराचं नाव मात्र ठळक. आणि स्टीलचे कठडे भर उन्हात लावू नका, एप्रिलमध्ये त्यांना हात लावून बघा म्हणजे कळेल.

## टप्पा ८: ज्यांना चाकांची गरज नाही त्यांच्यासाठी

इथे पुष्कळ जण वही मिटतात.

अंध व्यक्तीची काठी जमिनीलगतचं सांगते, कमरेच्या वरचं नाही. त्यामुळे आडवी आलेली फांदी थेट चेहऱ्यावर बसते. वाटेवर २.१ मीटर उंचीपर्यंत काही नको, बाभळीची फांदी तर नकोच. वाटेच्या एका कडेला ७ ते १० सेंटिमीटर उंचीची सलग दगडी ओळ करा, मध्ये पाणी जायला फटी ठेवून. काठी त्या ओळीला लावत माणूस एकटा चालू शकतो. पिवळ्या उठावाच्या फरशा सगळ्या वाटेवर घालायची गरज नाही. वाट फुटते तिथे आणि उतार सुरू होतो तिथे पुरे.

अंध पाहुण्याला धरून ओढू किंवा ढकलू नका. त्यांना तुमचं कोपर धरू द्या आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. कोपराच्या हालचालीवरून त्यांना चढ-उतार कळतो. पुढे काय आहे ते शब्दांत सांगा: ‘तीन पावलांवर खड्डा, डावीकडून जाऊ’. ‘इकडून, इकडून’ म्हणून काहीही कळत नाही.

कर्णबधिर व्यक्तीला मागून येणारी सायकल किंवा धावणारा गट ऐकू येत नाही. वळणांवर समोरचं आणि मागचं नीट दिसेल एवढी झुडपं आवरलेली हवीत. माहिती सांगताना चालत-चालत पाठ करून बोलू नका. थांबा, उन्हाकडे तोंड करून बोला म्हणजे ओठ दिसतात.

मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यांचं काय करायचं, हा अवघड प्रश्न आहे. ‘आमचा काही करत नाही’ असं म्हणणाऱ्या मालकाला कुबडीवरच्या माणसाचा तोल कसा जातो याची कल्पना नसते. स्वमग्न मुलांचे पालकही आधी हेच विचारतात, कुत्री असतात का आणि गर्दी कधी नसते. गर्दी नसलेल्या वेळा नोंदवून ठेवा. रविवारी सकाळी सातला कोणालाही ‘शांत वेळ’ सांगू नका.

## टप्पा ९: फलकावर आकडे लिहा

‘दिव्यांगस्नेही वाट’ असं लिहून कोणालाच काही कळत नाही. कोणाला कुठला चढ जमतो हे ज्याचं त्याला माहीत असतं, त्याला फक्त खरी माहिती हवी असते. फलकावर एवढं द्या: एकूण लांबी, जमीन कशाची, नेहमीची आणि सर्वांत कमी रुंदी, नेहमीचा आणि सर्वांत खडा उतार, तो कुठे आणि किती मीटर, आडवा उतार, बाक कुठे-कुठे, स्वच्छतागृह कुठे, पावसात काय बदलतं. नमुना:

*लांबी एका बाजूने ४२० मीटर, त्याच वाटेने परत. दाबलेला मुरूम. रुंदी १.२ मीटर, पिंपळाजवळ १ मीटर. उतार बहुतेक ३ टक्के. १८० मीटरवर ८ टक्के, १२ मीटर लांब, पुढे बाक. पावसात २५० मीटरच्या पुढे जाऊ नये. स्वच्छतागृह फक्त फाटकाशी. मोजणी: मार्च २०२६.*

मोजणीची तारीख विसरू नका. फलकाचा मध्य जमिनीपासून सुमारे १.२ मीटरवर ठेवा, अक्षरं मोठी आणि गडद, अक्षरांमागची पार्श्वभूमी चकाकणारी नको. ब्रेल फलक लावणार असाल तर तो कुठे आहे हे अंध व्यक्तीला कसं कळणार, याचा आधी विचार करा. हीच माहिती मजकुराच्या रूपात ऑनलाइनही टाका, फोटोतली अक्षरं स्क्रीन रीडरला, म्हणजे मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता येत नाहीत. घरून निघण्याआधी ही माहिती मिळाली तर निम्मं काम झालं, कारण बरेच जण ‘तिथे जाऊन परत फिरावं लागेल’ या भीतीनेच येत नाहीत.

## टप्पा १०: चाचणी आणि नंतरची राखण

उद्घाटनाच्या आधी तीच टीम पुन्हा बोलवा. सकाळी साडेसहा-सातला सुरू करून नऊच्या आत संपवा. व्हीलचेअरवरच्या व्यक्तीच्या मागे एक मदतनीस असू द्या, पण खुर्चीतल्या व्यक्तीने सांगितल्याशिवाय त्याने खुर्चीला हात लावायचा नाही. खड्या उतारावर मागून धरायची वेळ आली तर खुर्ची उलटी, म्हणजे मदतनीस उताराच्या बाजूला, अशी हळूहळू उतरवा. गादी, पाणी, टोपी आणि पंक्चरचं सामान बरोबर ठेवा. वाटेचा कुठला भाग रुग्णवाहिकेपासून सर्वांत लांब आहे ते ठरवून तिथली खूण सगळ्यांना पाठ करा. १०८ ला फोन केल्यावर ‘टेकडीवर’ एवढंच सांगून भागत नाही. वणवा किंवा जखमी प्राणी दिसला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

चाचणीत एकानेही ‘इथे मला जमत नाही’ म्हटलं तर ती जागा दुरुस्त करा किंवा फलकावर लिहा. तिसरा पर्याय नाही.

मग राखणीचं वेळापत्रक. फीत कापायला पाहुणे मिळतात, खडी झाडायला कोणी मिळत नाही, म्हणून नावं आधीच ठरवा. मे अखेरीस निचऱ्याचे मार्ग मोकळे करणं. पहिल्या जोरदार पावसानंतर घळी बुजवणं. गणपतीच्या सुमारास गवत कापणं आणि वाटेवर आलेल्या फांद्यांची यादी परवानगीसाठी पाठवणं. दिवाळीनंतर मुरमाचा नवा थर आणि रोलर. दर महिन्याला कोणीतरी एकाने खुर्ची घेऊन पूर्ण वाट फिरायची आणि फाटकाची फट टेपने मोजायची, कारण मधल्या काळात कोणीतरी दुचाकी अडवायला तिथे हमखास एक दगड आणून ठेवलेला असतो.